वरच्या चार ओळी

ऑक्टोबरात सगळ्यांच्या टोपल्या भरून झाल्या,
शेजारच्या लाबोर्दांचा ट्रॅक्टर धुऊन शेडमध्ये गेला,
तरी बाबांनी वरच्या चार ओळी सोडल्या.
"राहू दे," म्हणाले, "अजून फार पाणी आहे त्यांच्यात."

मग दक्षिणेचा वारा आला, पिरिनीज ओलांडून,
नोव्हेंबरात स्वेटर काढायला लावणारा,
दारं आपटणारा, कुत्र्यांना चिडवणारा.
मण्यांची जाड साल सैल पडली,
सुरकुतली,
जुन्या तांब्याच्या नाण्याइतकी तपकिरी झाली.
कस्तुरांनी आपला वाटा उचलला, गांधीलमाश्यांनी उचलला,
एका रात्री रानडुकरानं खालचे सगळे घोस.
सेव्हरँनं पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं:
इतक्या ओळी, इतक्या बाटल्या, इतकं नुकसान.
बाबांनी त्या पाकिटात बियाणं भरून ठेवलं.

नऊ डिसेंबरला वेचणी.
शिखरांवर बर्फ, फाटक्या हातमोज्यांत चिकट बोटं,
एकेक मणी निरखून,
दिवसभरात माझ्या दोन टोपल्या.
रात्रभर दाबयंत्र कण्हत राहिलं.
पहाटेपर्यंत उतरला तो रस
एवढा सावकाश, की मला मध्येच झोप लागली.

दीड पिंप भरलं. ओकचं, तिसऱ्या हाताचं,
एका फळीवर आधीच्या मालकाचं नाव कोरलेलं.
उरलेलं काचेच्या बरण्यांत, भर घालायला.
कारण लाकूड पितं.
दर पंधरवड्याला थोडं थोडं पितं,
आणि आपण काही न बोलता ते ओतत राहायचं.
मुरणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं:
आत काय चाललंय ते न विचारणं.

हे सात वर्षांपूर्वीचं.
दोन हिवाळ्यांमागे बाबांना ताप आला
आणि जाताना वास घेऊन गेला.
तेव्हापासून कॉफी म्हणजे गरम आणि कडू, बस्स.
ओला कुत्रा नाही, साबण नाही,
आईची कपाटातली शालही नाही.
अख्ख्या ज्युरांसोंत ज्यांच्या नाकाची शपथ घ्यायचे,
ते ग्रास्याँ लाकासाईन
तळघरात उतरायचेच थांबले.

काल पहिली बाटली उघडली.
आत्या ओडेतनं बदकाचं लिव्हर आणलं होतं.
सगळे त्याच्यासोबतच पितात. बाबांना कधी पटलं नाही:
जाडावर जाड कशाला चढवायचं?
सफरचंदाचा टार्ट त्यांनी हातानंच दूर सारला,
गोडाशी गोड भांडत बसतं म्हणून.
त्यांना हवं होतं मेंढीच्या दुधाचं जुनं चीज,
कडेला काळ्या चेरीचा मुरंबा, नखाएवढा,
आणि कोंबडीची भाजलेली तंगडी,
वर एस्पलेतची लाल मिरची भुरभुरलेली.

मी पेला नाकाशी धरून सांगायला लागले:
वाळलेला जर्दाळू, मेण, भाजलेला बदाम,
संत्र्याची साल, थोडा धूर...
"ते नको सांगूस," म्हणाले.
"ते तुझं आहे. माझ्याकडे जीभ आहे अजून."

चीजचा तुकडा. बराच वेळ. मग एक घोट.
"गोड," म्हणाले.
"ते काय, मधमाशीलाही जमतं."
सेव्हरँ सुरी खाली ठेवून बघत राहिला.
"मीठ चीजचं.
आंबट कुठाय? सात वर्षांत खाऊन टाकलं लाकडानं?
थांबा.
थांबा, आलं. मागून आलं.
इथे, जबड्याच्या कोपऱ्यात."
आणि बाबांच्या तोंडाला सुटलेलं पाणी
हनुवटीपर्यंत आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.
"गोडवा आपोआप साठतो गं.
आंबटपणा राखावा लागतो."

त्यानंतर मिरचीची तंगडी आली, चीज संपलं,
आत्या रुसून आपलं लिव्हर एकटीच खात बसली,
सेव्हरँनं कुणाचं लक्ष नाही असं बघून
तिसऱ्यांदा पेला भरून घेतला.

उठताना बाबांनी रिकामा पेला
सवयीनं नाकाशी नेला
आणि तसाच धरून ठेवला.
कितीतरी वेळ.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.