डावी बाही

पाळी सकाळी सहाची.
लेर्विकहून बस निघते ती काळोखातच,
आणि बोगद्यात शिरली की समुद्र डोक्यावर येतो.
तेव्हा मी कोटाच्या खिशातून सुया काढते.
सहा किलोमीटरांत दोन फेऱ्या होतात,
शेजारी बेर्गलोत बसली तर एकच,
कारण तिला सुनेबद्दल बोलायचं असतं.

यादी फ्रीजवर लावलीय.
सिमूनचा स्वेटर, चौदा तारखेच्या आत.
चौदाला बहिणीचा हा पोरगा पहिल्यांदा
मासेमारीच्या जहाजावर चढणार.
त्याखाली योर्दिसच्या बाळाचे मोजे
(ते बाळ आता चालतं).
त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: दूध.
तेवढं एक वेळेवर होतं.

पाठ झाली, छाती झाली, उजवी बाही झाली.
कधी झाली ते विचारू नका.
थोडी दंतवैद्याच्या दारात,
थोडी पोहण्याच्या तलावाकाठी, रन्वा बुडत नाहीये ना
हे एका डोळ्याने बघत,
थोडी बटाटे उकळेपर्यंत.
एक ओळ तर करपल्या बटाट्यांचीच आहे,
नाक लावलं तर अजून कळते.
गळ्यापाशी एक टाका उलट्याचा सुलटा पडलाय:
त्या रात्री रन्वाचा ताप एकोणचाळीसवर होता.
उसवला नाही.
तापाचीही कुठेतरी नोंद हवी.

राहिली डावी बाही.
अकरा तारखेला वॉशिंग मशीन बसलं,
बाराला वारा असा की दोरीवरची उशीची खोळ
शेजारच्या मेंढरांत जाऊन पडली.
बारालाच नवरा म्हणाला,
दुकानातून आणू की एखादा, त्याला काय कळतंय!
मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.
मग त्याने भांडी घासली.

तेराला बाही कामावर नेली.
आमच्या वृद्धाश्रमात विणायला मनाई नाही,
मनाई करायची गरजच पडत नाही.
बाराव्या खोलीतल्या मिक्यालचे पाय धुवायचे होते,
म्हणून बाही पलंगावर ठेवली.
पाणी बदलून आले, तर सुया त्याच्या हातात.
"कुणाला?" त्याने विचारलं.
भाच्याला, म्हटलं. जहाजावर चाललाय.
"हं," म्हणाला, आणि टाका घेतला.

दुपारनंतर त्याला स्वतःचं नाव आठवत नाही.
हातांचं तसं नाही.
जाळी दुरुस्त करण्यात पन्नास वर्षं गेलेले हात,
लोकर ओढायचे ते गाठ आवळल्यासारखी.
मी तीन पलंगांच्या चादरी बदलल्या,
दोघींना भरवलं,
कोपनहेगनच्या एका मुलाला फोनवर सांगितलं
की आई बरी आहे, जेवली,
आणि परत येते तो
आठ फेऱ्या.

माझी वीण सैल. तिच्यात मनगटाच्या जरा वर
हे कचकचीत कडं.
एखाद्या बाटलीची मान असावी तसं.
उसवायला अर्धा तास.
अर्धा तास कुठून आणायचा,
आणि तो तर समोर बसून विचारत होता,
"बरं झालंय का?"
बरं झालंय, मी म्हटलं.
पुढचा काठ परतीच्या बसमध्ये केला, दोन गाड्या सोडून,
थांब्यावरच्या दिव्याखाली, बोटं गार पडेपर्यंत.

चौदाला धक्क्यावर सिमूनने घातला.
उजवा हात सर्रकन गेला. डावा अडला.
"मावशी, इथे काहीतरी धरतंय."
जोरात ढकल, म्हटलं.
ढकलला. पाची बोटं बाहेर आली, हलवून दाखवली त्याने,
बहीण रडली, मी घड्याळ बघितलं.

बस मिळाली.
बोगद्यात खिशातून मोजा काढला, योर्दिसच्या बाळाचा,
उसवला थेट टाचेपर्यंत,
आणि आठ टाके वाढवले.