किरकोळ उपकरणे, वायरसह

रादोम शहराच्या कडेला, रुळांपलीकडे
नगरपालिकेचं मोडीचं आवार.
फाटकाशी माझी खोली: एक हीटर, एक काटा, एक वही.
भिंतीवर तक्ता.
टायर. रंगाचे डबे. काचेच्या नळ्या.
किरकोळ उपकरणे, वायरसह.

फ्रिज आणणारे अडखळत नाहीत.
फ्रिज ढकलला, हात झटकले, गेले.
टॉवेलात गुंडाळून काही आणणारा मात्र
आधी विचारतो, पुढे याचं काय होतं?
शुक्रवारी ट्रक येतो, मी सांगते,
प्लास्टिक इकडे, तांबं तिकडे.

लुदोमिर पहिल्यांदा आला तो नोव्हेंबरात.
आईचा फ्लॅट रिकामा करायचा होता,
शनिवारी किल्ल्या द्यायच्या होत्या.
खोक्यात दोन यंत्रं: एक काळं, चकतीचं,
आणि एक पेगासस, एके काळी पांढरं,
आता चहा सांडल्यासारखं पिवळट.
सोबत कॅसेट, तिच्यावर छापलेलं: १६८ खेळ.
"खरे सातच," तो म्हणाला, "बाकी तेच, रंग बदलून.
मोजलेत मी. एक हिवाळा गेला मोजण्यात."
काट्यावर भरलं दोन किलो नऊशे.
"एवढंच?"
आणि खोकं उचलून चालू लागला.
फाटकाच्या आत आलेली वस्तू नगरपालिकेची, असा नियम आहे.
मी तेव्हा पेन्सिलीला टोक काढत होते.

जानेवारीत पुन्हा. बर्फ गुडघाभर.
खिडकीबाहेर उभं राहून, न विचारता, सगळं सांगितलं.
किएल्त्सेचा एक संग्राहक पैसे देतो, पण मूळ पेटीसकट;
पेटीत आईने बटणं ठेवली, मग पेटीही फाटली.
भाच्याने, तिमोनने, दोन उड्या मारून पाहिल्या
आणि पाहुण्याने रिकामा कप द्यावा
तसा रिमोट परत दिला.
संग्रहालयाकडे असली अकरा आहेत आधीच.
मुलगी म्हणते, बाबा, हे सगळं नखाएवढ्या कार्डात मावतं.
"मावतं," तो म्हणाला. "मी कुठे मावत नाही म्हणतोय?"
घर अडतीस मीटरचं. बायको काही बोलत नाही,
फक्त खोकं रोज वेगळ्या जागी सापडतं.

मग काळा, विटेसारखा जड अडॅप्टर हातात घेऊन:
"आई शिवणयंत्रांच्या कारखान्यातून यायची,
कोट न काढता आधी याला हात लावायची.
टीव्ही बंद, वह्या उघड्या, आम्ही दोघं सज्जन;
हा एकटा चहाडखोर.
मग मी याला खिडकीबाहेर बर्फात ठेवू लागलो.
तर तिला तो ओला लागायचा."
हसला. खोकं घेऊन गेला.

मार्चमध्ये तिसऱ्यांदा. ना टॉवेल, ना गोष्ट.
स्वतःच काट्यावर ठेवलं. दोन किलो चारशे.
"वायर?" मी विचारलं.
तो तक्ता वाचत राहिला, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.
कोटाचा उजवा खिसा खाली ओढलेला,
लहान मूल लोंबकळत असावं तसा.
मी वहीत लिहिलं: वायरसह.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत ही एकच नोंद खोटी,
काचेच्या नळ्यांच्या दोन सोडल्या तर.
मागे टायरवाला हॉर्न वाजवत होता.

त्या संध्याकाळी घरात शिरले तेव्हा
कायेतान पुस्तकावर वाकलेला,
पान उलटत नव्हतं.
माझा कोट अंगावरच होता.
टीव्हीखालच्या यंत्रावर तळवा टेकला.
आठ तास गारठलेला हात,
थोडा वेळ तिथेच राहू दिला.
"चल," म्हटलं, "जेवायला बसू."