ठसे

ऑक्टोबर सरत आला. सातू एव्हाना
गुडघ्याला लागायला हवा होता.
मर्डो मॅकिलरेथच्या रानात तो घोट्याशीच अडला,
इथे ताटाएवढा, तिथे खोलीएवढा गोल,
आणि पिवळेपण पात्याच्या टोकापासून खाली उतरत आलेलं,
जणू कुणी रंगात बुडवून पाहिलं
आणि मन बदललं.

माताउरा नदीच्या या तीरावर
वारा दक्षिणेकडून येतो, थेट बर्फावरून,
आणि माणसं वाक्यं अर्धी सोडतात.
'बियाणं,' तो म्हणाला.
मग, 'खत.'
मग बराच वेळ काहीच नाही.
ऊना गाडीतूनच म्हणाली, 'दिसतं मात्र सुंदर.'
त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मी कुंपण ओलांडून मेंढ्यांच्या कुरणात गेले.
'तिकडे काय? ते ठणठणीत आहे.'
होतंच. गर्द, ओलं, बुटांत गुंतणारं रायग्रास,
त्याच्या वडिलांनी एकसष्ट साली पेरलेलं.
त्यावर चरलेल्या तीन मेंढ्यांनी
गोरच्या प्रदर्शनात फिती आणल्या होत्या.
दर वीस पावलांवर मी एक काडी खुडली.
शंभर काड्या.
तो मोजत होता, मोजत नसल्यासारखा.

प्रयोगशाळेतलं काम सोपं.
ब्लेडने देठ आडवा कापायचा,
ओला छेद पांढऱ्या पटलावर दाबायचा,
निरक्षर साक्षीदाराचा अंगठा घ्यावा तसा.
शंभर अंगठे.
मग द्रावण, मग धुणं, मग चहा.
परत येईतो देठ बोलू लागलेले असतात:
जिथे विषाणू, तिथे जांभळा ठिपका.
हुइआ मोजत गेली, मी लिहीत गेले.
एकसष्ट.
(निव्वळ योगायोग. तरी आकडा सांगताना
मी खिडकीबाहेर पाहिलं.)

'पण ते आजारी नाही,' तो म्हणाला.
नाही. नुसतं बाळगून आहे.
किती वर्षं, कोण जाणे, एक पान न पिवळवता.

मी भिंगाखाली मावा दाखवला.
हिरवट, फुगीर, ढुंगणाशी तांबूस डाग.
सगळ्या माद्या. नर लागत नाही,
जिवंत लेकी जन्मतात,
लेकीच्या पोटात आधीच नात.
'म्हणजे आईकडून येतं.'
नाही, मर्डो. तेच तर.
लेक निर्मळ जन्मते. प्रत्येक लेक.
आई देत नाही हा रोग.
घास देतो.
गवतात सोंड खुपसून ती बसून राहते,
मग तिच्या एखाद्या लेकीला पंख फुटतात
आणि कुंपण तर
मेंढ्यांसाठी असतं.

शिवाय तिला पिवळा रंग आवडतो.
आधी रोप आजारी पडतं,
मग आजाराच्याच रंगाला नव्या पाहुण्या भुलतात.
हे मी त्याला सांगितलं नाही.
ऊनाला सांगितलं, नंतर, फोनवर.
ती जरा थांबली. म्हणाली,
'मीही भुललेच होते.'

कुरण नांगर असं मी म्हटलं नव्हतं.
म्हटलं, या खेपेला पेरणी मागे टाक,
मावा उडायचा थांबेपर्यंत.
त्याच्या बापाने एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी पेरलं,
बापाच्या बापानेही.
तो टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला,
जणू तारीख तिथेच कुठेतरी शिवलेली होती.

एप्रिलात मी बांधावर पिवळं ताट ठेवून आले,
पाणी, साबणाचे दोन थेंब.
दर सोमवारी त्याचा फोन.
'चाळीस.'
'एकवीस.'
'आठ, आणि एक माशी.'
पेरणीयंत्र शेडच्या दारात उभं, तेल घातलेलं,
ऊना सांगते, तो रोज त्याच्याभोवती एक फेरी मारतो.

मेच्या मध्यावर: 'तीन.'
मी म्हटलं, अजून एक आठवडा.
फोनमध्ये नुसता वारा.
मग म्हणाला, 'ताट मी हलवलं होतं मध्यंतरी.
कुरणापासून लांब.'
मग?
'मग परत होतं तिथे ठेवलं.'