रिजेक्टचा डबा

उद्यमनगरात, आप्पांच्या लेथखाली
एक जुना डालड्याचा डबा आहे.
त्यात बिघडलेले जॉब:
कुणी दोन दशांश जादा खाल्लेला,
कुणाच्या कडेला दात आलेले.
भंगारवाला शनिवारी सगळं नेतो,
त्या डब्याला हात लावायचा नाही.
प्रत्येकावर खडूनं लिहिलंय, का गेला.
‘घाई.’ ‘टूल बोथट.’
एकावर नुसतंच ‘मन घरात.’
तारीख माझ्या टायफॉईडची.

मी राजारामपुरीच्या अभ्यासिकेत
अकरा-अकरा तास बसायचे,
तास मोजायचे,
पिवळ्या पेनानं पान न् पान रंगवायचे.
शेजारची मुबीना अत्तार
थोडं वाचून पुस्तक मिटायची
आणि भिंतीकडं बघत पुटपुटायची.
वाटायचं, कुणावर तरी चिडलीय.
एकदा कान दिला, तर विद्युतप्रवर्तन.

चाचणीत मला पन्नासात सतरा.
आप्पांनी ओरडावं म्हणून पेपर पुढ्यात ठेवला.
हात पुसून त्यांनी तो उजेडात धरला,
जॉब धरतात तसा.
‘बरं. ह्यातला कंचा का गेला, सांग.’
मला मार्क पाठ होते.
का, ते ठाऊक नव्हतं.

मग एक वही केली.
‘चिन्ह विसरले.’
‘प्रश्न निम्माच वाचला.’
‘पाठ होतं, कळलं नव्हतं’
हे नऊ वेळा.

आप्पा सातवी पास. टेपर काढायला
भिंतीवरचा तेलकट तक्ता बघतात, वीस वर्षं.
परवा जेवताना मी त्यांना टॅन सांगितलं,
भाकरी त्रिकोणात मोडून.
‘थांब. हितनं तितं कशी गेलीस?’
मलाच माहीत नव्हतं.
उष्ट्या हातानं पुस्तक उघडलं.
भाकरी वाळली. आई बोलली ते बोललीच.
दुसऱ्या दिवशी दुपारी फोन,
मागं लेथची घरघर:
‘आधी कोन काढला, मग तक्ता बघितला.
जुळतंय की गं!’

आता साडेदहाला झोपते.
पूर्वी त्याची लाज वाटायची.
रात्री वाचलेलं रात्रीच घडाघडा आलं
तर हुरळत नाही.
आप्पा म्हणतात, गरम जॉब मोजू नये,
माप खोटं येतं.
गार होऊ द्यावा.

आज सकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
कालचं सगळं, पुस्तक न उघडता, मोजलं.
तिसऱ्या पायरीला गेला.
खडू नव्हता, पेन होतं.
वहीत लिहिलं: ‘घाई.’