कुसळ

घरी येऊन आज नववा दिवस.
पायांचा अजून उद्यमनगरावर विश्वास बसलेला नाही.
बेसिनपाशी दात घासताना
डावा गुडघा आपोआप वाकतो, लाट यायच्या आधीच,
आणि लाट येत नाही.
संयोगिता मागून बघते.
पहिले दोन दिवस ती हसली होती.

चहाच्या गाड्यावर विचारतात,
"बर्फात काय करालतास रं एवढे महिने?"
सांगतो, हेच. नट आवळत होतो.
जहाज बर्फाचं नसतं, डिझेलचं असतं.
खाली इंजिनापाशी चाळीस डिग्री,
अंगाला बनियन चिकटलेलं,
आणि दोन बोटं जाड पोलादापलीकडं
असलं पाणी, की माणूस पडला तर
हाक मारून होईस्तोवर हात आखडतात.

जाताना सगळ्यांना घाई असते.
पिठाची पोती, डिझेलचे ड्रम, टपाल, एक हार्मोनियम
(कुणी मागवली होती, शेवटपर्यंत कळलं नाही).
येताना नुसता कचरा.
बेटावर काही ठेवायचं नाही, हा नियम.
गाद्या, रिकामी सिलिंडरं, फुटका जनरेटर,
वर्षभराची राख डब्यांत भरून, वर तारीख घालून,
आणि अकरा माणसं, हिवाळा काढलेली,
जी सहा मिनिटांत जेवतात
आणि उठताना खुर्ची आत सरकवतात, आवाज न करता.

त्यांच्यातला ओलाव, हवामान बघणारा.
त्याची ड्युटी संपली होती, पगार थांबला होता,
तरी दर तीन तासांनी डेकवर जायचा,
मध्यरात्री, पहाटे तीनला,
वारा, ढग, पारा,
शाळेच्या वहीत पेन्सिलीनं.
मी म्हटलं, कुणाला देणार हे?
म्हणाला, आकडा चुकला की भोक पडतं.
घड्याळ रोज रात्री अर्धा तास मागं जायचं.
तो अर्धा तास झोपेत पडावा असं वाटायचं,
पडायचा माझ्याच वॉचमध्ये.

कोबी संपला, कांदे उरले.
नळाच्या पाण्याला गंजाचा वास.
कोटांना पेंग्विनचा, तो कशानंच जात नाही.
मी मात्र बेटावर एकदाच उतरलो,
तेही अर्धा दिवस, पंप दुरुस्तीला.

उतरण्याआधी सगळ्यांची झडती.
बी जाऊ नये परक्या मातीत म्हणून
खिसे उलटे, बुटांचे तळ ब्रशनं,
आणि ती गोरी बाई चिमटा घेऊन गुडघ्यावर बसलेली.
माझ्या मोज्याच्या विणीतून तिनं
एक कुसळ ओढून काढलं.
लांब, तांबूस, पिळाचं.
"कुठलं?"
मी म्हटलं, गवत.
प्रयाग चिखली कसं सांगायचं तिला?
संगमावर उतरताना कंबरभर गवत होतं,
हातात मडकं होतं, खाली बघता येत नव्हतं.
आबा फौंड्रीत मोल्डर. एकेचाळीस वर्षं.
मानेच्या घडीतली काळी वाळू
शेवटच्या आंघोळीलासुद्धा निघाली नाही.
बारावं झालं, तेराव्याला गोडाचं झालं,
चौदाव्या दिवशी मी रेल्वेत होतो.
मोजे तेच.

तिनं कुसळ पुडीत घातलं, पुडीवर नंबर टाकला,
पुडी लाल डब्यात.
लाल डबा भट्टीत जाळायचा असतो,
बेट मागं पडल्यावर, वारा बघून.
आणि भट्टी माझ्याकडं.

सतरा नंबर. मी वाचला.
खिशात ठेवता आली असती, कोण बघत होतं!
दार उघडलं, आत टाकली,
दार लावलं, आठशे डिग्रीला काटा येऊ दिला,
रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सही केली.
मग गेज पुसत बसलो,
स्वच्छ असलेलं गेज, किती वेळ कुणास ठाऊक.

आता पहाटेचे तीन.
शिरोलीकडं कुणाची तरी रात्रपाळी चाललीय,
आभाळाची कड तांबडी.
मी गच्चीवर उभा. वारा नाही. ढग तुरळक.
लिहायला वही नाही.

सकाळी चिखलीला जायचंय, वर्षाचं कार्य.
संयोगितानं कपडे काढून ठेवलेत खुर्चीवर,
धोतर, टॉवेल, वर मोज्यांची घडी.
मी मोजे उलटे करतो, दिव्याखाली धरतो,
बोटानं वीण चाचपतो.
काही नाही.
धुतलेत तिनं चांगले.