दहा नंबरचा पाना

फळ्यावर प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली.
संध्याकाळी दहा नंबरची सावली रिकामी.

डेल्बर्ट हाउगेन ओरडला नाही. हँगरचं दार ओढून घेतलं,
म्हणाला, सापडेपर्यंत काही उडणार नाही.
बाहेर आयडाहोचा बर्फ. आत आम्ही सहा जण
गुडघ्यांवर, दातांत टॉर्च.

पाना निघाला माझ्याच कोटाच्या अस्तरात,
फाटक्या खिशातून घसरलेला.

आमच्या पापुआच्या डोंगरात रस्ता नाही.
अडलेल्या बहिणीला बांबूच्या डोलीत घालून
दोन दिवस चाललो होतो आम्ही.
तिसऱ्या दिवसाची गरज उरली नाही.
हे इथे कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी डेल्बर्टनं हेल्मेट फेकलं माझ्याकडे:
'केपास, ज्यानं बोल्ट आवळला तो आधी बसतो.'

आठशे फुटांवर, न सांगता, त्यानं थ्रॉटल मिटलं.
पाती नुसत्या वाऱ्यावर फिरत राहिली,
शेत भराभर वर येऊ लागलं.
अशा वेळी लोक प्रार्थना करतात म्हणे.
मी तारेचे पीळ मोजत होतो,
इंचाला आठ,
इंचाला आठ.

स्किड बर्फात रुतले.
डेल्बर्ट म्हणाला, कॉफी गार झाली असेल.