बाकी एक

तांडापेठेत आमच्या घरी चार माग होते
आणि समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता.
हेमराज पोहायला शिकला नाईक तलावात,
म्हशीचं शेपूट धरून.
पुढं कोचीहून त्याचं पहिलं पत्र आलं:
'बाबा, पाणी खारट आहे. खरंच आहे.'
बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून,
धोटा हातात तसाच.

जहाजावर विमान कसं उतरतं
ते त्यानं पहिल्या सुट्टीत मागावरच दाखवलं.
ताण्याचे चार दोरे बोटानं उचलले:
डेकवर अशाच तारा, आडव्या.
विमानाच्या शेपटाला आकडा.
अडकला तर उतरलास,
नाही तर पूर्ण जोर लावून पुन्हा वर.
बाबा म्हणाले, 'अन् तार तुटली तं?'
'मग गाठ मारायला वेळ नसतो, बाबा.'
आईनं आतून भांडं आपटलं.

मग गोवा, रात्रीची उड्डाणं, एक लढाई,
जिच्याबद्दल तो एवढंच बोलला
की तिथं चहा फार गोड असायचा.

बाबांना अक्षर येत नव्हतं, आकडे येत.
दर सुट्टीत ते त्याची वही मागून घ्यायचे,
किती वेळा वर, किती वेळा खाली,
लुगड्यांचा हिशेब लावावा तसं बोट फिरवायचे.
एका वर्षी बोट थांबलं.
'दोनशे बारा गेले. दोनशे अकरा आले.
एक कुठंय?'
हेमराज पाणी पीत होता. पेला खाली ठेवला.
'ते पाण्यातच राहिलं.'
त्या दिवशी आईच्या लक्षात आलं,
जुना पायजमा त्याला बोटभर लांब होतोय.
खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, तेव्हा
पाठीचा कणा दबला होता म्हणे.
मागच्या सीटवरचा पोन्नप्पा
कुठल्याच रकान्यात नव्हता.
बाबांनी कानावरची पेन्सिल काढून
समासात लिहिलं: बाकी १.
त्या दिवाळीपासून आमच्या मागावरचं एक लुगडं
कुर्गला जाऊ लागलं. पत्ता मी लिहायचो.
पोच कधी आली नाही, पार्सलही परत आलं नाही.

खांद्यावरच्या पट्ट्या रुंद होत गेल्या
तसतसा तो आभाळातून खाली आला.
कमांडर, कॅप्टन, दिल्लीत फायली,
मग अ‍ॅडमिरल.
समाजभवनात सत्कार झाला, शाल अन् नारळ.
शाल मिलची होती, मी हात लावून पाहिली.
भाषणात कुणीतरी त्याला वायुदलाचं केलं.
त्यानं दुरुस्त केलं नाही.
तोवर बाबा गेले होते, तीन माग भंगारात.
चौथा मी ठेवला. का, ते विचारू नका.

आता मे महिन्यात आम्ही दोघं गच्चीवर झोपतो.
रात्री सोनेगावला उतरणारं विमान दिसलं
की तो बाजेवर उठून बसतो.
'उंच आहेस,' पुटपुटतो, 'उंच... थोडं खाली...
डावा पंख सांभाळ...'
सोनेगावला कुठल्या आल्यात तारा!
मी म्हणतो, 'भाऊ, पोरगं कोणतं बे हे,
ज्याले तू रोज उतरवतं?'
त्याचं लक्ष नसतं.
दिवे कडुनिंबामागं बुडतात.
तो कान देऊन थांबतो,
आवाज पुन्हा वर चढतो का ते ऐकत.
चढत नाही.
'धरला,' म्हणतो,
'सुरईवर झाकण घाल,'
आणि कठड्याकडं तोंड करून झोपतो.